गोचीड ताप, एचबी ३.८ आणि रात्री इचलकरंजीहून आलेला डोनर

करवीरकन्या | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. गेले अकरा दिवस इकडे फिरकले नाही, घरात दुखणं होतं. आमचा गुंड्या (देशी-लॅब्राडोर मिश्र, वय ५ वर्षं, वजन २२ किलो) गोचीड तापाने हातचा जायच्या बेतात होता आणि त्याला रक्त चढवावं लागलं. कुत्र्यालाही रक्त चढवतात एवढं ऐकून होते. ते कुणाचं, कुठून आणायचं, कसं देतात, यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी फोनवर मराठीत शोधत होते, उपयोगाचं काही सापडलं नाही. म्हणून आठवतंय तोवर सगळं लिहून ठेवते.

मंगळवारी त्याने भाकरी हुंगून सोडून दिली. पावसाळ्यात कधी कधी करतो तसं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. बुधवारी सकाळी अंगणातली पायरी चढताना मागचे पाय लटपटले. दुपारी त्याने लघवी केली ती गुळाच्या कोऱ्या चहासारखी काळपट. जाऊबाईंनी त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या आणि त्या एकदम गप्प झाल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या धुतलेल्या तांदळासारख्या झाल्या होत्या. हे कामासाठी पुण्याला गेलेले, म्हणून आम्ही दोघींनीच त्याला चादरीत उचलून रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी कानाच्या कडेला सुई टोचून थेंबभर रक्त काचपट्टीवर घेतलं, रंगवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवलं. लाल पेशींच्या आत बारीक बारीक ठिपके होते. बबेसिया गिब्सोनाय. गोचिडीतून येणारा परजीवी, लाल पेशीत शिरतो आणि ती फोडतो. लघवी काळी झाली ती त्यामुळे. रिपोर्टमध्ये एचबी (हिमोग्लोबिन) ३.८, पीसीव्ही ११, प्लेटलेट २८ हजार. पीसीव्ही म्हणजे रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे तो आकडा, निरोगी कुत्र्यात साधारण ३७ ते ५५.

डॉक्टर म्हणाले, "औषध आत्ताच सुरू करतो. पण औषधाचा गुण दिसायला दोन-तीन दिवस जातात, आणि हा ११ वर तेवढा तगेल असं मला वाटत नाही. रक्त लागेल. तुम्ही डोनर बघा."

डोनर बघा! संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. आमच्या भागात तेव्हा फोन करून पिशवी मागवता येईल अशी कुत्र्यांची रक्तपेढी डॉक्टरांना माहीत नव्हती. त्यांनी एका कागदावर लिहून दिलं: वय १ ते ८ वर्षं, वजन २५ किलोच्या वर, लसी झालेल्या, जंताचं औषध झालेलं, अंगावर गोचीड नाही, सध्या कुठलं औषध चालू नाही, स्वतःला पूर्वी कधी रक्त दिलेलं नाही, मादी असेल तर गाभण नसावी. मी तो कागद फोटो काढून सगळीकडे पाठवला. सोसायटीचा ग्रुप, शाळेच्या पालकांचा ग्रुप, माहेरच्या भावकीचा ग्रुप, सगळीकडे.

पहिला फोन आला तो एका गोल्डन रिट्रीव्हरसाठी, पण तो ९ वर्षांचा. दुसरा आमच्याच गल्लीतला लॅब्राडोर, दिसायला ठणठणीत. काका स्वतः त्याला घेऊन आले. तपासणीच्या किटवर एर्लिकियाची रेघ उमटली. खाणंपिणं, खेळणं सगळं व्यवस्थित असलेल्या कुत्र्यात गोचीड तापाचा दुसरा प्रकार लपून बसला होता. त्याचं रक्त दिलं असतं तर गुंड्याला एकात दोन आजार झाले असते. काका बिचारे डोनर म्हणून आले आणि महिनाभराच्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या घेऊन परत गेले. त्यांच्या कुत्र्याचं वेळेत कळलं, एवढं तरी बरं झालं.

साडेआठला अनोळखी नंबरवरून फोन आला. इचलकरंजीचे एक दादा, यंत्रमागावर काम करतात. "ताई, मेसेज बघितला. माझा जर्मन शेफर्ड हाय, ३४ किलोचा, तीन वर्साचा. आत्ता शिफ्ट सुटली, घेऊन येतो." साडेदहाला मित्राच्या ओम्नीतून आले. कुत्र्याचं नाव सुलतान. डॉक्टरांनी त्याची पट्टी बघितली, किट लावलं, पीसीव्ही काढला. ४६ आला, बाकी सगळं स्वच्छ. मग दादांनी हळूच विचारलं, "माझ्या पोराला काय हुनार न्हाई न्हवं?" कुत्र्याला 'पोरगं' म्हणणारा माणूस रात्री साडेदहाला परक्याच्या कुत्र्यासाठी आला होता. मला तिथेच रडू आलं.

त्यानंतर जे पाहिलं ते नीट लिहिते. डॉक्टरांनी दोघांच्या रक्ताचा मेळ आधी तपासला. क्रॉसमॅच म्हणतात. सुलतानच्या लाल पेशी आणि गुंड्याचा रक्तद्रव एकत्र करून गुठळ्या होतात का ते बघितलं. मग सुलतानला टेबलावर कुशीवर निजवलं, मानेवरचे केस थोडे काढले, जागा बधिर केली आणि मानेच्या मोठ्या शिरेत सुई घातली. दादा त्याचं डोकं मांडीवर धरून बसले होते, कानामागे खाजवत होते. पिशवी माणसांना वापरतात तीच, ३५० मिलीची, आत रक्त गोठू नये म्हणून आधीच ४९ मिली द्रव भरलेला. ती टेबलाच्या खाली किराणा दुकानात असतो तसल्या छोट्या वजनकाट्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि कंपाउंडर ती सतत हलक्या हाताने झुलवत राहिला. काट्यावर ३७० ग्रॅम दिसलं तेव्हा थांबवलं. रक्त पाण्याहून किंचित जड असतं, म्हणून ३५० मिलीला ३७० ग्रॅम. जेमतेम दहा मिनिटं लागली. सुलतान उठला, अंग झाडलं आणि दादांनी डब्यातून आणलेली चपाती-अंडं खाल्लं. गळ्यात पट्टा दोन दिवस घालू नका, पळवू नका, पाणी भरपूर ठेवा, एवढंच सांगितलं.

गुंड्याला पुढच्या पायाच्या शिरेतून रक्त सुरू झालं तेव्हा रात्रीचे ११.४० झाले होते. पहिला अर्धा तास अगदी थेंब थेंब. दर पंधरा मिनिटांनी ताप, नाडी, श्वास मोजायचा आणि वहीत लिहायचं. ते काम डॉक्टरांनी जाऊबाईंना दिलं, मी रडवेली होते म्हणून. ओठ, डोळे सुजतात का, अंगावर गांधी उठतात का, उलटी होते का, हेही बघायचं. बाराच्या पुढे ताप १०२.६ वरून १०३.६ झाला, तेव्हा वेग निम्मा केला आणि पाऊण तासात ताप उतरला. पहाटे सव्वातीनला पिशवी संपली. चार तासांच्या आत संपवावीच लागते म्हणे, टांगलेल्या रक्तात जंतू वाढू शकतात.

साडेतीनच्या सुमाराला त्याने मान उचलली आणि जाऊबाईंचा हात चाटला. हिरड्यांवर अगदी फिकट, कण्हेरीच्या फुलासारखा रंग आला होता.

सकाळी पीसीव्ही १९. चौथ्या दिवशी घसरून १७ (त्या दिवशी मी पुन्हा हादरले होते). काल अकराव्या दिवशी २७. ॲटोवाकोन आणि ॲझिथ्रोमायसिनचा दहा दिवसांचा कोर्स काल संपला. त्या रात्रीचा खर्च तपासण्या, पिशवी, डॉक्टर सगळं धरून साडेअकरा हजार झाला. दादांनी पेट्रोलचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

कुणाला असा अनुभव असेल तर लिहा. कुणी पशुवैद्य असतील तर माझं काही चुकलं असेल ते दुरुस्त करा.

जाई_जुई | रविवार, रात्री १०.०५

वाचताना हात गार पडले. गुंड्याला खूप माया.

एक शंका. माणसांसारखे कुत्र्यांचेही ए, बी, ओ असे गट असतात का? तुमच्या डॉक्टरांनी गट न बघता नुसता क्रॉसमॅच केला असं दिसतंय. आमच्याकडे सांगलीत ३१ किलोची लॅब आहे, चार वर्षांची. तिचा गट काढून ठेवता येईल का?

पशुवैद्य_मराठवाडा | रविवार, रात्री ११.२०

करवीरकन्याताई, तुम्ही इतकं बरोबर टिपलंय की माझ्या इंटर्न मुलांना वाचायला देणार आहे. तुमच्या डॉक्टरांनी सगळं पद्धतशीर केलं. गुंड्या तरला त्यात त्या वजनकाट्याचा आणि जाऊबाईंच्या वहीचाही वाटा आहे.

जाई_जुई, उत्तर थोडं लांब आहे. कुत्र्यांचे गट ए-बी-ओ नसतात. 'डीईए' या नावाने क्रमांक दिलेले गट असतात, शिवाय 'डाल' आणि 'काय' अशी नावं असलेले आणखी काही नंतर सापडले. ('डाल' हे नाव डाल्मेशियनवरून पडलं.) एकाच कुत्र्यात यातले अनेक गट एकत्र असू शकतात. दवाखान्यात सगळ्यात महत्त्वाचा डीईए १. कुत्रा डीईए १ पॉझिटिव्ह तरी असतो किंवा निगेटिव्ह. त्याची पट्टी मिळते, काही मिनिटांत निकाल कळतो.

आता कळीचा मुद्दा. माणसात ए गटाच्या अंगात बी विरुद्धची प्रतिद्रव्यं (अँटीबॉडी) आधीपासूनच असतात, म्हणून चुकीचं रक्त पहिल्याच वेळी जिवावर बेततं. कुत्र्यात डीईए १ विरुद्ध अशी प्रतिद्रव्यं जन्मतः नसतात. त्यामुळे आयुष्यातलं पहिलं रक्त गट न बघता दिलं तरी बहुतेक वेळा मोठी प्रतिक्रिया येत नाही. यामुळे आमच्या धंद्यात एक वाईट सवय रुजली आहे: "पहिल्यांदा काहीही चालतं." चालत नाही. निगेटिव्ह कुत्र्याला पॉझिटिव्ह रक्त दिलं की त्याचं शरीर पुढच्या काही दिवसांत प्रतिद्रव्यं तयार करतं. दिलेल्या पेशी लवकर मरतात, म्हणजे एवढी धावपळ करून मिळवलेलं रक्त पंधरवड्यातच वाया जातं. आणि पुन्हा कधी रक्त द्यायची वेळ आली तर ती प्रतिद्रव्यं तयार बसलेली असतात. म्हणून पहिलं रक्त देऊन चारपेक्षा जास्त दिवस झाले असतील तर पुढच्या प्रत्येक पिशवीआधी क्रॉसमॅच झालाच पाहिजे, मग डोनर तोच का असेना.

हिशोब सांगतो, कारण पालक नेहमी विचारतात "एका पिशवीने किती वाढेल?" किलोमागे २ मिली पूर्ण रक्त दिलं की पीसीव्ही साधारण १ ने वाढतो. गुंड्या २२ किलोचा, म्हणजे ४४ मिलीला १. ३५० मिलीत आठ. ११ आणि ८ मिळून १९, सकाळी तेवढाच आला. चौथ्या दिवशी १७ झाला कारण उरलेले परजीवी अजून पेशी फोडत होते. घाबरण्यासारखं नव्हतं, पण तुमची धडधड समजू शकतो.

डोनरचं बघायचं तर कुत्र्याच्या अंगात किलोमागे ८० ते ९० मिली रक्त असतं. एका वेळी किलोमागे १६ ते १८ मिलीपर्यंत घेता येतं. सुलतान ३४ किलोचा, त्याच्याकडून साडेपाचशे मिलीपर्यंत चाललं असतं, घेतलं ३५०. दादांना सांगा, पोरगं अगदी सुरक्षित आहे. पुढचं दान निदान आठ आठवडे नको, मी तर तीन महिने थांबायला सांगतो.

जाता जाता: रक्ताच्या नळीत गाळणी असलेला संच वापरायचा, आणि रक्तासोबत त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट कधीही सोडायचं नाही. त्यातल्या कॅल्शियममुळे नळीतच रक्त गोठतं. फक्त नॉर्मल सलाईन. पालकांनी हे पाठ करायची गरज नाही, पण घाईगडबडीत एखाद्या सहकाऱ्याकडून चुकत असेल तर नम्रपणे विचारायला हरकत नाही.

अबोली | सोमवार, सकाळी ७.५०

पशुवैद्यदादा, धन्यवाद. मी इथे गेली तीन वर्षं नुसती वाचत होते. आज पहिल्यांदा लिहितेय, कारण तुमचं "पहिल्यांदा काहीही चालतं" वाचून रात्री झोप लागली नाही.

आमच्या राणीला (डाल्मेशियन, ६ वर्षं) दोन वर्षांपूर्वी उंदराच्या औषधाची बाधा झाली. शेजारच्या गोदामात टाकलेल्या वड्या. खाल्ल्यावर तीन दिवस काही नाही, चौथ्या दिवशी नाकातून रक्त, पोटावर निळे डाग. रक्त दिलं, व्हिटॅमिन के सुरू झालं, ती उठली. आम्ही देवाचे आभार मानले. आठवड्याने तिला बरं वाटतंय बघून आम्हीच व्हिटॅमिन के बंद केलं. पाचव्या दिवशी पुन्हा रक्तस्राव. तेव्हा आमचे डॉक्टर गावाला होते, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. तिथे एक डोनर होता, लगेच रक्त लावलं. मी सांगितलं होतं की आधी एकदा दिलंय. "काही होत नाही" म्हणाले. वीस मिनिटांत तिला उलट्या सुरू झाल्या, ती थरथरायला लागली, लघवी लाल झाली. रक्त थांबवलं, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी ती गेली.

क्रॉसमॅच हा शब्द मी काल रात्री पहिल्यांदा वाचला.

करवीरकन्या | सोमवार, सकाळी ८.१५

अबोलीताई, काय बोलू. तुम्ही हे इथे लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

पशुवैद्य_मराठवाडा | सोमवार, दुपारी १.३०

अबोलीताई, मी डॉक्टर म्हणून आधी माफी मागतो. तुम्ही विचारण्याआधी आम्ही विचारायला हवं: याला पूर्वी कधी रक्त दिलंय का? तुम्ही तर स्वतःहून सांगितलं होतं. पालक म्हणून तुमचं कर्तव्य तुम्ही केलं होतं.

के थांबवल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका, पण बाकीच्यांसाठी लिहितो. ब्रोमाडायोलोनसारखी हल्लीची उंदरांची विषं अंगात आठवडेच्या आठवडे राहतात. रक्त गोठायला लागणारे काही घटक यकृतात तयार होताना व्हिटॅमिन के लागतं, विष नेमकं तेच अडवतं. चढवलेलं ताजं रक्त किंवा प्लाझ्मा हे घटक तयार स्वरूपात देतं, पण ते एक-दोन दिवसच पुरतात. त्यानंतर सगळी भिस्त गोळ्यांवर. त्या तीन-चार आठवडे द्याव्या लागतात आणि थांबवल्यावर दोन दिवसांनी रक्त गोठायचा वेळ पुन्हा तपासावा लागतो. कुत्रा उड्या मारायला लागला तरी गोळ्या चालूच ठेवायच्या.

राणी डाल्मेशियन होती म्हणून आणखी एक. या जातीत 'डाल' गट नसलेली कुत्री बरीच सापडतात, आणि बाकीच्या बहुतेक कुत्र्यांत तो असतो. म्हणजे अशा डाल्मेशियनला एकदा रक्त दिलं की दुसऱ्यांदा जुळणारा डोनर मिळणं फार अवघड. त्या वेळी क्रॉसमॅच केला असता तर निदान मेळ बसत नाही हे कळलं असतं.

खाडीकिनारा | सोमवार, संध्याकाळी ६.४०

सगळ्यांच्या भावना समजून एक वेगळा प्रश्न मांडतो. रक्तदान म्हणजे दान. माणूस स्वतः सही करतो. सुलतानला कुणी विचारलं? काही ठिकाणी डोनर म्हणून कुत्री दवाखान्यातच बांधून ठेवतात आणि महिन्या-दीड महिन्याने रक्त काढतात. भटकी कुत्री पकडून रक्त काढल्याचंही ऐकलं आहे. एकाचा जीव वाचवायला दुसऱ्याला वापरायचं, हे मला पटत नाही.

करवीरकन्या | सोमवार, रात्री ९.१०

प्रश्न योग्य आहे, मी स्वतःला त्या रात्री हाच विचारला. सुलतानला विचारता येत नाही, पण तो काय म्हणतो ते कळतं. सुई घालायच्या आधी डॉक्टर म्हणाले होते, धडपडला, घाबरला तर मी काढणार नाही, झोपेचं इंजेक्शन देऊनही नाही, दुसरा डोनर बघू. तो निवांत पडून राहिला. जबरदस्तीने धरून ठेवावं लागलं असतं तर मीच नको म्हटलं असतं का? गुंड्या शेजारच्या खोलीत तसा पडलेला असताना? प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नाही. म्हणूनच हा निर्णय माझ्यासारख्या रडणाऱ्या माणसाच्या हाती असू नये, डॉक्टरच्या हाती असावा.

पशुवैद्य_मराठवाडा | सोमवार, रात्री १०.४५

खाडीकिनारा, बांधून ठेवलेल्या डोनरबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. भटकी कुत्री पकडून रक्त काढणं तर क्रूर आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही मूर्खपणाचं. गोचिडीचे आजार, जंत, कुपोषण, लसींचा पत्ता नाही. त्याला अशक्तपणा येणार आणि घेणाऱ्याला नवा आजार.

केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धविकास विभागाने २०२५ मध्ये प्राण्यांच्या रक्तसंक्रमणासाठी आणि रक्तपेढ्यांसाठी पहिल्यांदाच देशपातळीवर मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. दान ऐच्छिक आणि मोबदल्याशिवाय, पालकाची माहितीपूर्ण संमती, डोनर प्राण्याच्या हक्कांची सनद, रक्तगट आणि क्रॉसमॅचची सक्ती, हे सगळं त्यात आहे. कागदावरून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत यायला वेळ लागेल, पण आता आमच्या हातात दाखवायला काहीतरी आहे. चेन्नईच्या मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयात आणि लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात कुत्र्यांच्या रक्ताची पेढी चालते. आपल्याकडे मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इतकी महाविद्यालयं आहेत. प्रत्येकाने दहा-दहा मैल परिसरातल्या डोनरची नुसती वही ठेवली तरी ताईंना भावकीच्या ग्रुपवर मेसेज टाकायची पाळी येणार नाही. हे मी आमच्या बैठकीतही पोटतिडकीने मांडतो.

लेस्टरकर | मंगळवार, पहाटे २.२०

इंग्लंडमधून लिहितोय. आमचा ग्रेहाउंड इथे नियमित डोनर आहे. 'पेट ब्लड बँक' ही धर्मादाय संस्था इथून जवळ लफबरोला आहे, २००७ पासून चालते. वर्षातून काही वेळा त्यांचं शिबिर एखाद्या दवाखान्यात किंवा हॉलमध्ये भरतं, आम्ही वेळ ठरवून जातो. अटी तुमच्या डॉक्टरांच्या कागदासारख्याच: १ ते ८ वर्षं, २५ किलोच्या वर, शांत स्वभाव. शिवाय एक अट अशी की कुत्रा कधी परदेशात गेलेला नसावा, कारण बाहेरून गोचिडीचे आजार येतील याची त्यांना धास्ती असते. पुण्याहून आमच्या मित्राने आणलेला देशी कुत्रा त्यामुळे डोनर होऊ शकला नाही.

खाडीकिनारांना सांगावंसं वाटतं, आमचा पठ्ठ्या त्या हॉलच्या दारात ओढत नेतो. त्याला माहीत आहे की आत पोट खाजवणारी माणसं आणि खाऊ आहे. एकदा मात्र त्याने टेबलावर चढायला नकार दिला, त्यांनी दुसऱ्यांदा विचारलंसुद्धा नाही, खाऊ देऊन घरी पाठवलं. ग्रेहाउंडमध्ये पीसीव्ही मुळातच जास्त असतो आणि बरेच डीईए १ निगेटिव्ह निघतात, म्हणून त्यांना मागणी फार. आपल्या ग्रेहाउंडसारख्याच सडपातळ कारवानी आणि पश्मी कुत्र्यांची तपासणी कुणी केली आहे का?

माळरान | मंगळवार, सकाळी ६.३०

लेस्टरकर, माझ्याकडे कारवानीची जोडी आहे, जत तालुक्यात. नर २६ किलोचा. गेल्या उन्हाळ्यात त्याने एका पाहुण्यांच्या कुत्रीला रक्त दिलं. पीसीव्ही ५२ आला होता, डॉक्टरांनी दोनदा मोजला. एका कुत्र्यावरून सगळ्या जातीचं सांगता येणार नाही, पण कुणी पद्धतशीर अभ्यास करत असेल तर आमच्या भागातले दहा-बारा पाळणारे मी जमवून देतो. गट मात्र काढलेला नाही, किट नव्हतं.

गोचिडीबद्दल थोडं. ही तपकिरी गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या सांदीत, छताच्या वाशात अंडी घालते, हजारोंनी. नुसता कुत्रा धुऊन उपयोग नाही. आम्ही गोठ्याची दगडी भिंत गेल्या वर्षी सिमेंटने फटी भरून बंद केली, तेव्हापासून फरक पडला. आणि हो, गिब्सोनाय कुत्र्यांच्या भांडणात चाव्यातूनही जातो.

मनीमाऊ | मंगळवार, सकाळी १०.१५

मांजरांचंही असंच का? आमच्या बोक्याला लागलं तर पहिलं रक्त गट न बघता चालेल?

पशुवैद्य_मराठवाडा | मंगळवार, दुपारी २.००

नाही. मांजरात ए, बी आणि एबी असे गट असतात आणि प्रतिद्रव्यं माणसांसारखी आधीपासूनच असतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचं थोडंसं रक्तही मारू शकतं. मांजराला गट बघितल्याशिवाय एक थेंबही नाही. कुत्र्याचा नियम मांजराला लावू नका.

खाडीकिनारा | मंगळवार, रात्री ८.३०

लेस्टरकर, करवीरकन्या, उत्तरांबद्दल आभार. टेबलावर चढायला नकार देण्याची मुभा असेल तर माझा आक्षेप बराच कमी होतो. बांधून ठेवण्याबद्दलचा कायम आहे.

वेगळा प्रश्न: आमच्याकडे उरलेली कांद्याची भाजी, रस्सा कुत्र्याला घालतात. कांद्याने रक्त कमी होतं हे खरं का?

पशुवैद्य_मराठवाडा | मंगळवार, रात्री ९.५०

खरं. कच्चा, शिजवलेला, तळलेला, वाळवलेला, सगळाच. कांद्यातल्या द्रव्यांनी लाल पेशींची मोडतोड होते. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे. रोज थोडा थोडा खाऊनही साचत जातं. मटणाचा कांदा-लसणाचा रस्सा घातलेला भात ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट, तीन-चार दिवसांनी कुत्रा दमलेला येतो आणि पालकांना आठवतही नाही. मटण घालायचं तर उकडून, बिनमसाल्याचं, हाडं काढून.

करवीरकन्या | शनिवार, संध्याकाळी ५.२०

खबर देते. आज पीसीव्ही ३३, प्लेटलेट १ लाख ९० हजार. पट्टीवर परजीवी दिसला नाही, पण डॉक्टर म्हणाले गिब्सोनाय लपून राहतो, साठ आणि नव्वद दिवसांनी पीसीआर तपासणी करायचीच. गोचिडीची गोळी सुरू केली आहे, मागच्या ओसरीच्या भिंती भरायला गवंडी बोलावलाय (माळरानदादा, आभार).

मी डॉक्टरांना विचारलं, पूर्ण बरा झाला की गुंड्या डोनर होईल का? नाही म्हणाले, कधीच नाही. ज्याला एकदा रक्त चढलं तो दाता होत नाही, शिवाय बबेसिया होऊन गेलेला. ऐकून वाईट वाटलं. मग जाऊबाई म्हणाल्या, त्याच्या वाटणीचं आपण करू. त्यांच्या त्या रात्रीच्या वहीत आता डोनरची यादी सुरू केली आहे: नाव, गाव, वजन, वय, शेवटची तपासणी, फोन. पहिलं नाव सुलतान, पुढे कंसात 'डिसेंबरपर्यंत विश्रांती'.

परवा इचलकरंजीला जाऊन आलो, गुंड्याला घेऊनच. दोघांना लांबून भेटवलं. सुलतानने थोडं भुंकून घेतलं. दादांच्या आईने गुंड्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि दोघांसमोर दूध-भाकरी ठेवली.

जाई_जुई | शनिवार, रात्री ८.४५

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा. आम्ही आज चेरीची तपासणी करून आलो. वजन ३१.२, पीसीव्ही ४४, गोचिडीच्या आजारांची पट्टी स्वच्छ, डीईए १ पॉझिटिव्ह. पण शौचात आकडीजंताची अंडी सापडली. ते जंत रक्तच पितात म्हणे. औषध दिलंय, तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना न्यायचा आहे. तोवर वहीत आमचं नाव पेन्सिलीने लिहा.